गोंदियात आपली पोट्टी आहे

सगळा घोळ एका फॉर्मनं केला. २००६ साली केशोरीच्या केवळराम कापगत्यांची पुष्पांजली बी.एस्सी.ला गोंदियाला गेली, तेव्हा होस्टेलच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'भेटीस येणाऱ्या व्यक्तींची नावे'. खाली तीन ओळी. शहाण्या माणसानं बाप, आई, मामा लिहून मोकळं व्हावं की नाही? केवळरामांनी पेन उघडलं, एकाचं लिहिलं तर दुसरा रुसेल असा विचार केला, आणि लग्नपत्रिकेत छापतात तसं ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं, 'समस्त गावकरी मंडळी, मु. केशोरी'. आता बोला!

मॅट्रनबाईंनी तो फॉर्म दोनदा वाचला. "ये क्या है?"

"गाव है," पुष्पांजली म्हणाली. तेव्हा तिला एवढीच हिंदी येत होती.

मॅट्रनबाईंनी अख्ख्या गावावर लाल रेघ मारली आणि वर आईबापांची दोन नावं लिहिली. "सिर्फ माँ-बाप. इतवार, तीन से पाँच." केवळरामांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर लेकीला बजावलं, "हे पाय, होस्टेल आहे तवर शीक. होस्टेल सुटलं तं सरळ घरी. भाड्याच्या खोलीत पोट्टी ठेवनार नाही मी." आणि मग हा गृहस्थ गावी गेला आणि पानठेल्यावर बसून जाहीर करून मोकळा झाला, "आता गोंदियाले काम पडलं तं घाबराचं कारण नाही. आपली पोट्टी आहे तिथं."

बरं, पोरीच्या जिवाला आधीच काय कमी ताप होता? वर्गात सगळं इंग्रजी, होस्टेलात सगळी हिंदी. ती 'हो'ला 'हाव' म्हणाली की खोलीतल्या तिघी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. मेसमध्ये दोन फुलके आणि वाटीभर भात मिळायचा. धानाच्या मुलखातल्या माणसाला वाटीभर भात म्हणजे चेष्टाच की! पहिले दोन महिने ती रोज अर्धपोटी उठली आणि रोज चिडली. त्यात घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी केशोरीची मंडळी अर्जुनीहून पॅसेंजर धरून होस्टेलच्या फाटकावर धडकू लागली.

टेकचंद आला लायसन काढायला. "फारम भरून दे वो. शिकून राहिली कायले मंग?" जशी काही हिची फी यानंच भरली होती! त्याच्यापायी केमिस्ट्रीचे दोन तास बुडाले. मग वच्छलाकाकू आल्या, भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. अख्खा शनिवार दुकानामागून दुकान पालथं घातलं, दुकानदाराशी घासाघीस पुष्पांजलीनं हिंदीत केली, आणि शेवटी काकू म्हणाल्या, "जाऊ दे, अर्जुनीलेच पाहू." छोटेलालनं तर कमाल केली. दोन कोंबड्या चौकीदाराच्या स्टुलाखाली बांधल्या, 'पुष्पाले सांगजो, संध्याकाळी घेऊन जातो' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी उगवला. तोवर एक कोंबडी सुटून मॅट्रनबाईंच्या ऑफिसात शिरली होती आणि तिनं खुर्चीखाली अंडं घातलं होतं.

त्या अंड्यावर तिसरी लेखी ताकीद निघाली. "अब एक भी आया ना, तो सीट कॅन्सल. बाप को बुलाऊंगी और सामान समेत भेजूंगी."

पुष्पांजलीनं पानठेल्यावर फोन लावून बापाला बोलावून घेतलं. "बाबा, लोकायले सांगून द्या, येऊ नका म्हना. माझी सीट जाऊन राहिली."

"असं कसं सांगू? लोक म्हनतीन, चार बुकं शिकली अना मातली."

"मातली तं मातली!"

"तू समजून घे ना जरा," बाप म्हणाला आणि फोन ठेवला. समजून घे! भर रस्त्यात कपाळ बडवून घ्यावं असं तिला वाटलं. गावाची अब्रू सांभाळायची बापानं आणि त्याचा दंड भरायचा हिनं, असा हा न्याय.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षा लागल्या. पहिल्या दिवशी अकराला केमिस्ट्री, दुसऱ्या दिवशी झूलॉजी. पहिल्या दिवशी साडेनऊला ती पांढरा कोट हातावर टाकून खाली उतरली, तर फाटकाशी कोण? सुभद्राबाई! कापगत्यांच्या घरापासून दोन घरं सोडून राहणारी, सत्तरीची, एकटी म्हातारी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, आणि डोळे भलतीकडेच.

"वो पुष्पे! तूच व्हय ना? डोळ्याचा दवाखाना कुठी आहे वो? मले तं पाटीबी दिसत नाही. एकडाव सोडून दे तिथलोक."

"आजी, आज माझी परीक्षा आहे! आजच यायचं होतं?"

"मले का मालूम तुई परीक्षा? डोळा का परीक्षा पाहून जाते?"

तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. मॅट्रनबाई. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, बहुधा आत कोंबडी आहे का तेही पाहिलं. "ये कौन है? तुम्हारे घर की है?"

सीट, बाप, सामान, परतीची पॅसेंजर, सगळं एका क्षणात पुष्पांजलीच्या डोळ्यांपुढं आलं.

"नहीं मॅडम. घर की नहीं है."

"गेट बंद करो," मॅट्रनबाई चौकीदाराला म्हणाल्या.

सुभद्राबाईनं चौकीदाराला 'दवाखाना?' एवढंच विचारलं. त्यानं हातानं दाखवलं तिकडं ती काठी टेकत निघाली.

कॉलेजपर्यंतच्या वाटेवर पुष्पांजली स्वतःला समजावत होती, मी खोटं कुठं बोलले? नाहीच ती आमच्या घरची. मध्ये दोन घरं आहेत. मग तिला म्हातारीचा राग आला, बापाचा आला, मॅट्रनचा आला, त्या मेल्या कोंबडीचासुद्धा आला. स्वतःचा राग करायला वेळ नव्हता, अकरा वाजत आले होते. प्रॅक्टिकल मात्र झकास गेलं. टायट्रेशनचा रंग नेमक्या थेंबाला बदलला, तोंडी प्रश्नांची उत्तरं धडाधड आली, आणि परीक्षक "व्हेरी गुड" म्हणाले तेव्हा तिला रडूच फुटायला लागलं.

तीनला सुटली तशी ती विचारत विचारत सरकारी दवाखान्यात गेली. डोळ्यांच्या वॉर्डाच्या दारात एक नर्स हातात कागद घेऊन खेकसत होती, "अरे, ये पुष्पांजली कौन है? सुभद्राबाई की नातिन! सुबह से चिल्ला रही हूं!"

पुष्पांजली दारातच थबकली. आत सुभद्राबाई खाटेवर मांडी घालून बसली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे गालांवर ओघळ आले होते. नर्सचा आवाज ऐकून तिनं दाराकडे मान वळवली.

"आली का वो? काऊन येवढा उशीर?"

"परीक्षा होती म्हटलं ना," पुष्पांजली कशीबशी म्हणाली. "आली कशी इथलोक?"

"तोंड आहे ना मले. इचारत आली. पन भरतीच करून नाही राहिले. म्हने घरचं कोन आहे, नाव सांगा. आता का सांगू? आठवलं ते सांगून देल्लं."

"आजी, सकाळी मी..."

"राहू दे. 'घर की नही', येवढी हिंदी मलेबी समजते." वरणात मीठ कमी पडलंय म्हणावं तितक्या सरळ आवाजात ती म्हणाली. "पन कागदावर कोनाचं तरी नाव लागत होतं."

पुष्पांजलीला भुईनं गिळावं असं झालं. लाजेनं कान तापले, आणि तरी राग गेलेला नव्हताच. अख्ख्या वर्षात या म्हातारीला आजचाच दिवस सापडावा!

"यहां साइन करो," नर्सनं कागद पुढं केला. "सुबह आपरेशन है. रात को साथ में रुकना पड़ेगा. कोई नहीं रुका तो छुट्टी कर देंगे."

होस्टेलचं फाटक सातला बंद व्हायचं. कागदावर 'नातं' या शब्दापुढं कुणीतरी आधीच 'नातिन' असं लिहून ठेवलं होतं. पुष्पांजलीनं त्याच्याखाली सही केली, बाहेर एसटीडीच्या दुकानात गेली आणि होस्टेलचा नंबर फिरवला.

"मॅडम, मैं पुष्पांजली. आज रात नहीं आऊंगी. आजी दवाखाने में भरती है."

"कौनसी आजी? वो सुबहवाली? तुमने तो बोला घर की नहीं है."

"झूठ बोली थी, मॅडम."

मॅट्रनबाई म्हणाल्या, "कल बाप को लेके ऑफिस में आना," आणि फोन आदळला.

पुष्पांजली वॉर्डात परत आली. झूलॉजीचं जर्नल तिनं दप्तरातून काढलं, कोट खाटेच्या कठड्यावर टाकला.

"का म्हने तुई मॅट्रन?" सुभद्राबाईनं विचारलं.

"शिव्या देऊन राहिली."

"कोनाले?"

"आपल्याले," पुष्पांजली म्हणाली. "सरक तिकडं. मले बसू दे."