कठड्याअलीकडचा झोसिमस

झोसिमस हा सीरियाचा मेंढपाळ, यहुदी नव्हे. मुलगी तापातून उठली म्हणून नवस फेडायला त्याने यरुशलेमच्या मंदिरात होमासाठी कोकरू आणलं. दगडी कठड्यापाशी दोर सुटला आणि कोकरू पलीकडे गेलं. परक्याने कठडा ओलांडला तर मरण, असं त्यावरच कोरलेलं होतं. तरी झोसिमसचा पाय उचलला गेला.

“पाय खाली घे, मुडद्या!” पहारेकरी ओरडला. लोक धावून आले.

“मालक, ते घाबरलंय. लंगडं झालं तर देव घेणार नाही.”

“आणि तुझं मुंडकं घेईल होय?”

झोसिमसने पाय खाली घेतला आणि जिभेने टक्‌टक्‌ केलं. कोकरू जागीच थांबलं. पहारेकऱ्याने ते उचलून चारही पाय चाचपले.

“धड आहे. हे आत नेतो. तू इथंच थांब.”

झोसिमस कठड्याअलीकडेच थांबला, वेदीवरचा धूर दिसेपर्यंत.