हजार मैलांचं गाऱ्हाणं

लवू गेला तेव्हा आळीतले सगळे म्हणाले, सरळ माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायची आपल्याला भारी हौस. लवू खुनशी होता. एकदा डूख धरला की सोडत नसे. भाईंवर त्याने तो धरला, ते योग्यच केलं असं माझं मत आहे. माझ्यावरही धरला, तेही योग्यच होतं.

लढाईत तो इराकला मिलिटरीचा ट्रक चालवायला होता. तिथल्या एका शीख हवालदाराने त्याच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली होती. इंजिन बिघडल्यावर हात लावतो तो गाढव, बिघडायच्या आधी लावतो तो ड्रायव्हर. पाचशे मैलांना ग्रीस आणि पेट्रोलची वाटी, हजाराला ऑइल, तीन हजाराला प्लग आणि पॉइंट. मालवणला परत आल्यावर तो भाईंच्या काळ्या मोटारीवर लागला. भाई म्हणजे नारळ-सुपारीचे मोठे व्यापारी आणि आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. गाडी ठेवायच्या मांगराच्या दारावर लवू कोळशाने आकडे लिहून ठेवी, वाटी कितव्या मैलाला, ऑइल कितव्याला. मैल भरले की भाई सांगोत न सांगोत, हा बॉनेट उघडायचाच.

मी त्याच शाळेत मास्तर. मांगर माझ्या वाटेवर, म्हणून सकाळी लवूबरोबर घोटभर चहा पिऊन पुढे जायचो. ती वाटी मी कितीदा पाहिली होती. पेल्याएवढी, काचेची, वर तारेची बारीक जाळी. टाकीतलं पेट्रोल तिच्यातून गाळून इंजिनात जाई. भाई पेट्रोल एका जुन्या पिंपात साठवत आणि खाऱ्या हवेने ते पिंप आतून गंजलेलं. पाचशे मैलांत वाटीच्या तळाशी तांबडा गाळ आणि पाणी साचे. लवू मला ते उजेडात धरून दाखवायचा आणि मातीवर ओतून द्यायचा. वरचं थोडं पेट्रोलही त्याबरोबर जाई. पिंप बदला म्हणून त्याने भाईंना चारदा सांगितलं, पण नोकराने सांगितलेलं भाईंना ऐकू येत नसे.

सत्तावन्न सालची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. पाहुण्यांना घेऊन भाई कुडाळला निघायचे होते. गाडी बाजारात उभी होती आणि मैल भरले म्हणून लवूने तिथेच वाटी काढून ओतली. एका मुंबईकर पाहुण्याने हसत विचारलं, तुमचा ड्रायव्हर पेट्रोल नुसतं सांडतो की घरीही नेतो? झालं. भाई पुढे झाले आणि भर बाजारात त्यांनी लवूच्या थोबाडीत दिली. चोर म्हणाले. अंगातला खाकी कोट उतरवून घेतला. मासे विकणाऱ्या बायकासुद्धा टोपल्या सोडून बघायला आल्या. त्या गर्दीत लवूने मला शोधून काढलं आणि माझ्याकडे बघितलं. वाटी कशासाठी असते हे ठाऊक असलेला गावातला दुसरा माणूस मीच होतो. मी छत्री या हातातून त्या हातात घेतली. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

चोरीचा आळ आला की आमच्याकडे निवाडा देवळात. दुसऱ्या दिवशी देवापुढे नारळ ठेवला, गाव जमला. आळ आलेल्याने गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी त्याला होकार भरायचा, अशी रीत. लवूचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

“बा देवा म्हाराजा, मी एक थेंब जरी पेट्रोल चोरलेला आसात, तर माझे हात झडान पडांदे.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला.

“नसात चोरलेला, तर आजपासून हजार मैलांच्या आत ही गाडी चढणीर उभी रवांदे. आणि ज्या हातान माका मारल्यान, त्या हाताक तिचो गाळ लागल्याशिवाय ती हलाची नाय.”

“व्हय म्हाराजा.”

भाईंनीही म्हटलं. देवळात उभं राहून न म्हणता कसं चालेल?

देवाला मैलांत मुदत घातलेली कुणी ऐकली नव्हती. गावाच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, पण ती मुदत कुठून आली ते मला कळलं म्हणून. जाळी तुंबत आली तरी सपाटीवर गाडी खोकत का होईना चालते. चढणीला इंजिन जास्त पेट्रोल मागतं, ते मिळत नाही, आणि तिथे ते मरतं. लवू कामाला लागण्याआधी ही गाडी आठ-नऊशे मैल झाले की अशीच मरायची. आता त्याला फक्त गप्प बसायचं होतं.

भाईंचा भाचा महादू गाडीवर बसला. त्याला हॉर्न उत्तम वाजवता येई. पौषात गाडी खोकू लागली तेव्हा त्याने पुढे लिंबू-मिरची बांधली. भाईंनी कौल लावला, कोंबडा दिला. करणी झाली म्हणून मांगराच्या दारावरचे कोळशाचे आकडे पुसून टाकले आणि तिथे गेरूने स्वस्तिक काढलं. वाटीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. लवू त्या दिवसांत धक्क्यावर पोती उचलत होता आणि त्याची बायको सत्यवती लोकांचं भात कांडायला जात होती. संध्याकाळी तो रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसून गाडीचा आवाज ऐकत राही. एकदा मी जवळून गेलो तर एकटाच हसत होता. ते हसू बघून मी पाय उचलला.

माघात भाईंच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलाकडच्या माणसांना कुडाळहून आणताना कसालच्या पुढे एका चढणीवर गाडी मेली. मुलाची आई जरीच्या लुगड्यात बैलगाडीतून मालवणला पोचली, वडील धुळीतून चालत. गाडी बैल जुंपून बाजारापर्यंत ओढत आणली. तिसऱ्या दिवशी भाई स्वतः लवूच्या दारात गेले. लवू म्हणाला, काय करायचं ते देवळात ठरलंय, तुम्हीही होकार भरलाय.

मग जिथे थोबाडीत बसली होती तिथेच, तेवढ्याच गर्दीत, भाई पांढऱ्या धोतरानिशी बॉनेटखाली वाकले. लवू खिशात हात घालून उभा राहिला आणि कोणता स्क्रू फिरवायचा तेवढं सांगत गेला. वाटी सुटल्यावर त्याने ती भाईंना उजव्या हातावर ओतून घ्यायला लावली. तांबडा चिखल बोटांतून निथळत मनगटावरून बाहीत गेला.

“ह्या पेट्रोल आसा काय, भाई?”

“नाय.”

“गावाक आयकाक येवंदे.”

“नाय,” भाई मोठ्याने म्हणाले.

जाळी धुऊन वाटी बसवली आणि थोड्याच वेळात गाडी चालू झाली. बायकांनी देवळाच्या दिशेने हात जोडले. भाईंनी खाकी कोट परत दिला, नोकरीही देऊ केली. लवूने कोट तेवढा घेतला आणि घरी गेला.

त्याचं मन मात्र भरलं नव्हतं. त्या दिवसापासून महादू दर सोमवारी आंघोळ करून वाटी धुऊ लागला, बॉनेटला कुंकू लावू लागला. देवाने वाटी मागितली होती, ती त्यांनी दिली. ऑइल देवाने मागितलं नव्हतं. त्याचा दारावरचा आकडा कधीच पुसला होता, आणि ऑइलची दांडी काढून बघायची असते हे महादूच्या गावीही नव्हतं. वैशाखात मुलीच्या लग्नाला निघालेल्या गाडीचं इंजिन आतून ठोके देऊ लागलं, तरी महादूने ती दामटली. ओरोसच्या अलीकडे इंजिन जळून जाम झालं. गाडी पुन्हा रस्त्यावर आली नाही. तिच्या मागच्या सीटवर भाईंच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या.

पुढे लवूने मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं बघायला घेतली. माझ्याशी तो आठ वर्षं बोलला नाही. सहासष्ट साली तो खोकल्याने अर्धा झाला होता, तेव्हा मी धीर करून धक्क्यावर गेलो. ऑइलचं तुला त्या दिवशी बाजारातच ठाऊक होतं ना, असं विचारलं. एक शब्द बोलला असतास तर इंजिन वाचलं असतं, असंही म्हटलं.

त्याने हातातला पाना फडक्याला पुसला.

“वाटीचा तुमका ठावक होता, मास्तर. तुमी गप रवलास. ऑइलचा माका ठावक होता. मी गप रवलंय.” मग इंजिनावर वाकता वाकता म्हणाला, “भाईंचा इंजिन जळला ता सगळ्यांका दिसला. माझा काय जळला ता कोणी इचारूक नाय.”

तेव्हाही मी विचारलं नाही. छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि घरी आलो.