खंडेनवमीला पुजलेली पेटी

"आजोबा, पेटी उभी कुणी केली?" नात किंचाळली, तेव्हा आमचे मालक कोयत्याला कुंकू लावत होते. खंडेनवमी होती. फौजेतून आल्यापासून ते या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुसून, भिंतीला टेकवून पुजतात. नातीची पेटीही त्यांनी हळदकुंकू लावून त्याच रांगेत उभी केली होती.

विश्रामबागेतलं तिचं कॉलेज सुट्टीत वीज बंद ठेवणार, म्हणून तिनं विजेवर थंडावा राखणारी ही पेटी घरी आणलेली. आत काचेच्या झाकणांना प्रोटीनचे थेंब लटकत होते. त्यांत स्फटिक धरायचे होते. प्रोटीन एका जागी ठरत नाही, म्हणून तिनं काही थेंबांत प्रयोगशाळेत बनवलेले कड्यासारखे रेणू घातले होते. चुंबळ घागरीला धरते, तसं कडं प्रोटीनला धरतं आणि शेजारच्याला जोडून देतं, म्हणायची. पेटी आडवीच राहू द्या, नाहीतर थेंब ओघळतील, हात लावू नका, हेही बजावलं होतं. पण या घरात ऐकतंय कोण?

"तुजं हत्यारच न्हवं का ते? मग पुजायला नको व्हय?" मालक म्हणाले.

"आवं, बंदूक हाय का ती, भिंतीला टेकवायला? पोरीचं वर्षाचं काम हाय त्यात!" मी ओरडले.

नात भिंगाखाली एकेक थेंब बघत बसली. बहुतेक ओघळून गेले होते. मालक झेंडूचं फूल हातात धरून उभे. मला त्यांचा भारी संताप आला.

कडं घातलेल्या एका थेंबातला स्फटिक तेवढा वाचला. बाकी एकही नाही.