हवालदार रामाजींनी रंगवलेलं आभाळ

इंदोरा बस्तीतल्या आमच्या नाटक मंडळीचे पडदे पंधरा-सोळा वर्षं रामाजी गजभियेंनी रंगवले. त्यांच्या पडद्यावर आभाळ भरपूर असायचं. कोर्टाचा देखावा असला तरी खिडकी एवढी मोठी काढत, की न्यायाधीशाच्या मागे आभाळच आभाळ! खाप्यापासून पारशिवनीपर्यंत लोक आधी विचारत, पडदा हवालदाराचाच आहे ना? पण पहिला पडदा त्यांच्या हातून भलताच रंगला होता, आणि त्यात सगळ्यांत आधी गडप झाले ती मी.

साल एकोणीसशे एकोणसत्तर. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. तिथंही त्यांचं काम रंगाचंच. तोफा आणि गाड्या शत्रूला दिसू नयेत म्हणून त्यांच्यावरच्या जाळ्या अन् ताडपत्र्या ते झाडामातीसारख्या रंगवत. आमचे दिग्दर्शक मनोहरराव यांच्या कानावर हे आलं आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या नाटकासाठी त्यांनी जंगलाचा पडदा मागितला. पेंचच्या रानातल्या मोळीवालीची गोष्ट होती. मोळीवाली मी.

मांजरपाटाच्या जाड कापडावर महिनाभर खपून रामाजींनी जंगल उभं केलं. काय जंगल होतं ते! साग, मोह, बांबूची बेटं, वाळल्या पानांचा खच. जवळ गेलं तर पायाखाली पानं वाजतील असं वाटायचं.

नाटकाच्या आदल्या दुपारी शाळेच्या अंगणात पोशाख घालून तालीम झाली. मी मातकट हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर मोळी घेऊन आत आले. मनोहरराव पार मागे बसले होते. तिथूनच ओरडले, "पुष्पा, एन्ट्री घे ना वं! काहून थांबून राहिली?"

"घेतली ना भाऊ! इथंच तर उभी आहो!"

"कुठं? मले तर नुसते दात दिसून राहिले तुये!"

सगळे खो खो हसले. माझ्यामागून आलेला जंगलशिपाई तर खाकी कपड्यांसकट सागाच्या बुंध्यात विरघळला. रामाजींच्या चेहऱ्यावर क्षणभर काम फत्ते झाल्याचं हसू उमटलं. मग लोक कशाला हसताहेत ते ध्यानात आलं आणि मान खाली गेली.

कपडे बदलावेत, तर मोळीवाली काय शालू नेसून लाकडं फोडणार? मनोहरराव म्हणाले, "हवालदार, वरची झाडं पुसा अन् आमच्या मागं आभाळ काढून द्या. झालं काम."

"आभाळासमोर माणूस उभा नाही करत मी," रामाजी म्हणाले. कुंचला डब्यात ठेवला आणि चालते झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाटक. सकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको प्रयागबाई दारातच म्हणाली, "काल दुपारपासून अन्नाले शिवले नाहीत. पाय बापा तूच काय ते."

रामाजी भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे न बघताच बोलू लागले.

"पासष्टच्या लढाईतली गोष्ट. माझा जोडीदार होता, सखाराम. एक तोफ झाकली आमी. मीच त्याले म्हटलं, जरा दूर जाऊन पाय, जाळी कशी दिसते ते. तो बांधावर चढला. मागं मोकळं आभाळ. एकच गोळी आली. तोफ कोणाले नाही दिसली, पोरी. तो दिसला. आता तुले उभी करू तिथं?"

नाटकातली सगळी भाषणं पाठ होती, पण ती इथं काय कामाची?

"दादा," मी म्हटलं, "समोर आपल्या बस्तीतलेच लोक राहतीन ना. नाटक पायाले येऊन राहिले ते."

प्रयागबाई चुलीपासून म्हणाली, "हिची सासूही येणार आहे म्हणा. तेवढी एकच नेम धरणारी!"

मला हसू फुटलं. रामाजी हसले नाहीत, पण उठले आणि खुंटीवरचा सदरा काढला.

शाळेच्या अंगणात एप्रिलचं ऊन होतं, रंग भराभर वाळत होता. शेंडे गेले, फांद्या गेल्या. मापासाठी मी पडद्याकडे पाठ करून उभी होते. आभाळ माझ्या खांद्यापर्यंत उतरलं आणि त्यांचा हात थांबला.

"अजून खाली घ्या दादा. नुसतं मुंडकं दिसून काय करू?"

त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग कुंचला बुडवून एका दमात आभाळ माझ्या गुडघ्यापर्यंत आणलं.

नाटक सहाला सुरू झालं. अंगण गच्च भरलं होतं. विंगेत रामाजी बांबू घट्ट धरून उभे होते. मोळी डोक्यावर घेऊन मी मधोमध गेले आणि त्या निळ्याभोर आभाळासमोर थांबले. अंगण एकदम चिडीचूप. एक श्वासभर मलाही भीती वाटली.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "अवं माय, ते पाय आपली पुष्पी! किती उंच दिसून राहिली!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

अंक संपवून आत आले तेव्हा रामाजी रंगाच्या उलट्या डब्यावर बसले होते. प्रयागबाईनं फडक्यातून भाकर अन् झुणका आणला होता आणि ते खात होते, चांगले मोठे मोठे घास घेऊन.

"पुढच्या अंकात किती जण आहेत गा?" त्यांनी मनोहररावांना विचारलं.

"आता सगळेच येतात. नऊ जण."

"येऊ दे," रामाजी म्हणाले आणि प्रयागबाईकडे आणखी एक भाकर मागितली.