बेटावरची सही

"आमच्या ग्रीकानं हे आधीच लिहून ठेवलंय," असं म्हणत त्याने चष्मा कपाळावर सरकवला की आम्ही समजायचो, जेवणाची सुट्टी गेली.

चिंचवडच्या आमच्या कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. हात पार्ट मोजायचे आणि डोकं कायम ग्रीसमध्ये. जुन्या बाजारात त्याला एका ग्रीक कवीचं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. शिक्षा आम्हाला झाली. कँटीनची भाजी पाणचट, ग्रीकाने लिहिलंय. बढती साहेबांच्या भाच्याला, तेही लिहिलंय. त्या बिचाऱ्या कवीला आमच्या कारखान्याशिवाय दुसरा उद्योगच नसावा. अशी माणसं तुमच्याही खात्यात असतील, मला सांगू नका.

एक गोष्ट तर आम्हाला पाठच झाली होती. सरकारने कवीला ओसाड बेटावर डांबलं. 'माझे विचार चुकले' एवढं लिहून सही कर आणि घरी जा, म्हणाले. त्याने केली नाही. हे सांगताना याचा आवाज असा चढायचा, जणू बेटावर हाच होता.

मग आमचा संप झाला आणि कंपनीने टाळं लावलं. काही महिन्यांनी गेटवर नोटीस आली: संपात गेलो ही चूक झाली, असं लिहून सही करा आणि कामावर या. नाही केली तर नोकरी गेली. टेबलापुढे रांग लागली. हा बाजूला उभा. भोसरीचा एक जुना फिटर म्हणाला, "राव, तुमचा ग्रीक काय म्हनतोय?"

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "बेटावर घरमालक नसतो, भाऊ." आणि त्याने सही केली.

त्यानंतर ग्रीक बंद. आमची सुट्टी वाचली आणि खायला उठली. शेवटी मीच छेडलं, "यावर काही लिहिलं असेल की तुझ्या ग्रीकानं."

"असेल," म्हणाला आणि डबा झाकला. मला फार वाईट वाटलं.

पुढे तो काविळीने गेला. गेटवर शोकसभा झाली, माईक त्याच फिटरच्या हातात. "लई कविता सांगायचे," तो म्हणाला. "पन मानूस ताठ. बेटावर न्हेऊन डांबलं, सही कर म्हनले. न्हाई केली."

पिंपरी-चिंचवडात बेट कुठलं, हे कुणी विचारलं नाही. त्याला सही करताना पाहिलेले सगळे गंभीरपणे माना हलवत होते.

पुढच्या खुर्चीवर त्याची बायको होती. सही करून आल्यावर दोन दिवस तो जेवला नव्हता, हे तिनेच मला सांगितलं होतं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "नाहीच केली."