तक्रार निरंक

दिल्लीहून आयोगाच्या बाई येणार म्हणून धुळ्याच्या आमच्या ऑफिसात जी रांगोळी काढली गेली, ती मी काढली होती, हे आधीच कबूल करून टाकते. डावा पाय लहानपणी पोलिओने गेला, तेव्हापासून पायाला पट्ट्यांचा कॅलिपर आणि हातात कुबडी. पण रांगोळीत अख्ख्या ऑफिसात माझा हात धरणारं कोणी नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, दारात काहीतरी छान होऊ द्या." दाराला तीन पायऱ्या, आणि शेजारी चार दिवसांपूर्वी घाईघाईने केलेला सिमेंटचा उतार. उतार गुळगुळीत, करडा, कोरा. रांगोळीला झकास. मी त्यावर बसकण मारून मोर काढला, कडेने वेल सोडली, खाली 'सुस्वागतम्' लिहिलं. चाकाच्या खुर्चीसाठी केलेली वाट आपणच अडवतोय, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आणि मी स्वतः अपंग. आता बोला!

आयोग म्हणजे अपंगांना कायद्याने जे मिळायला हवं ते खरंच मिळतंय का, हे बघणारी दिल्लीची संस्था. माझा तिच्याशी संबंध एका कागदापुरता. वर्षातून एकदा एक नमुना भरून वर पाठवायचा असे. उतार आहे काय? स्वच्छतागृह आहे काय? दिव्यांग कर्मचाऱ्यांची तक्रार आहे काय? उतारापुढे साहेब लिहीत 'प्रस्तावित', स्वच्छतागृहापुढे 'होय', आणि तक्रारीपुढे मी माझ्या हाताने 'निरंक' लिहून सही करी. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही. साहेब बदलले, नमुन्याचा रंग बदलला, माझंही अपंगाचं दिव्यांग झालं, पण बावीस वर्षं माझी तक्रार निरंकच राहिली.

खरं काय होतं ते सांगते. तळमजल्यावर अपंगांसाठी स्वच्छतागृह होतं, दारावर निळी पाटीही होती. आत जुन्या फायली, मोडके पंखे आणि रिकामी खोकी. बाहेर कुलूप. बायकांचं दुसरं स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर, एकवीस पायऱ्या चढून. म्हणून मी सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाणी पीत नसे. धुळ्याचा मे महिना ज्याने काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. हे मी ऑफिसात शिकले नाही, माहेरूनच शिकून आले. आमचं घर यावलकडचं, केळीवाल्यांचं. लग्नाला निघालो की आई आधी माझ्या हातातला तांब्या काढून घ्यायची. "पाणी नको पिऊ, तिथे तुला कोण नेईल?" तिचंही चूक नव्हतं. आपल्यामुळे कोणाला त्रास नको, हे मी इतकं अंगी बाणवलं की मला त्याचा अभिमान वाटायचा. मुतखड्याचं दुखणं दोनदा काढलं, तेव्हाही रजेच्या अर्जात 'पोटदुखी' लिहिलं.

आयोगाच्या बाई येण्याचं कारण एक मुलगी होती. दोंडाईच्याची. वडील लोखंडी दारं-खिडक्या करणारे कारागीर. मुलगी चाकाच्या खुर्चीत. परीक्षा देऊन, पास होऊन तिची आमच्या ऑफिसात निवड झाली. हजर होण्याआधी तिने एक साधं पत्र पाठवलं, की मला आत यायला उतार आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह लागेल. ऑफिसने नकार कळवला. महिनाअखेर हजर व्हा, नाहीतर निवड रद्द होईल आणि यादीतल्या पुढच्या माणसाला जागा जाईल. तिने ते नकाराचं पत्र जोडून आयोगाकडे तक्रार केली. आम्हाला ही तक्रार कळली ती उतारासाठी सिमेंट येऊन पडलं तेव्हा.

बाई येणार त्या दिवशी तिलाही बोलावलं होतं. ती शेजाऱ्याच्या छोट्या टेम्पोतून वडिलांबरोबर आली. वडिलांनी खुर्ची खाली उतरवली, उतारापाशी आणली, तसा आमचा शिपाई आडवा झाला. "भाऊ, जरासा थांबा. रांगोळी मोडाई जाई. दिल्लीनी बाई ई जाऊ द्या, मंग चढा." वडील बिचारे थांबले. ऊन चांगलंच चढलं होतं. मी दारात उभी होते. मुलगी माझ्या कुबडीकडे बघत होती, आणि मी माझ्या मोराकडे. "येऊ द्या तिला" एवढं मला म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

बाई आल्या. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, हातात पांढरी काठी. त्यांना दिसत नाही हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. बरोबर एक मदतनीस, लॅपटॉपवर सगळं टिपून घेणारी. बाई मूळच्या सोलापूरकडच्या, मराठी खणखणीत. साहेबांनी पुष्पगुच्छ पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि मदतनिसाकडे दिला. "उतार कुठे आहे?" म्हणाल्या, काठीने पायऱ्यांची कड चाचपली, डावीकडे वळल्या आणि सरळ मोरावरून चालत वर निघाल्या. सगळ्या ऑफिसच्या तोंडून एकदम "अरे अरे" निघालं.

बाई थांबल्या. "काय झालं?"

"काही नाही मॅडम, रांगोळी होती," साहेब म्हणाले.

त्या खाली वाकल्या, चिमूटभर रांगोळी बोटांत चोळून पाहिली. "बारीक आहे, सुरेख. पण ह्या वाटेने कोणी यायचं होतं का?"

खालून आवाज आला, "मी."

बाई बाजूला झाल्या. वडिलांनी खुर्ची ढकलली आणि चाक मोराच्या मानेवरून वर आलं. मला माझ्या मोराचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

मग जी तपासणी झाली तशी मी आजवर पाहिली नाही. आमच्याकडे येणारे तपासणीवाले रजिस्टर बघतात, चहा घेतात, नाश्ता घेतात आणि 'समाधानकारक' लिहून जातात. ह्या बाई 'आहे का' असं विचारतच नव्हत्या. त्या म्हणत, "दाखवा." स्वच्छतागृह दाखवा. कुलूप. किल्ली? भांडारवाले भाऊ रजेवर. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बरं, नंतर फोटो पाठवा. बाई म्हणाल्या, "मी थांबते," आणि त्या दारासमोरच्या बाकावर बसल्या. चहा आला, तो "काम झाल्यावर" म्हणून परत गेला. पाऊण तासाने भांडारवाल्यांच्या घरून किल्ली आली. दार उघडलं, बाईंनी हात आत घातला. खोकं, पंख्याचं पातं, फायली. एकेक वस्तू हाताने ओळखून त्या सांगत गेल्या आणि मदतनीस लिहीत गेली. आवाज एकदाही चढला नाही. साहेबांना तेच जास्त जड गेलं. ओरडणाऱ्याला शांत करता येतं, ह्यांचं काय करणार?

त्यानंतर मला बोलावलं. साहेब तिथेच उभे, मुलगी कोपऱ्यात. मदतनिसाने ऑफिसने मुलीला पाठवलेलं पत्र वाचून दाखवलं. 'या कार्यालयात एक दिव्यांग महिला कर्मचारी बावीस वर्षांपासून कार्यरत असून त्यांची कोणतीही तक्रार नाही. सबब वेगळ्या सुविधेची आवश्यकता दिसून येत नाही.'

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ऐकताना माझे कान तापले. माझ्या सोसण्याचा मला केवढा अभिमान, आणि त्याच सोसण्यावर बोट ठेवून ह्या पोरीची नोकरी जाणार होती.

"ह्या तुम्हीच ना?" बाईंनी विचारलं. "तुमची काही तक्रार?"

"नाही मॅडम." तोंडाला सवयच तशी.

बाई माझ्या आवाजाच्या दिशेने वळल्या. मग म्हणाल्या, "आज सकाळपासून पाणी किती वेळा प्यालात?"

मी साहेबांकडे पाहिलं. नोकरीची चार वर्षं उरलेली, गोपनीय अहवाल त्यांच्या हातात, बदली करायची म्हटली तर साक्री काय नि शिरपूर काय. माझं ते थांबणं बाईंनी ऐकलं असणार. "साहेब, तुम्ही जरा बाहेर बसा," त्या म्हणाल्या. दार लागलं. "हे बघा, तुम्ही सांगाल ते मी लिहीन. मला कितीही समजलं तरी तुम्ही न सांगितलेलं मला लिहिता येणार नाही."

मी सांगितलं. आईने काढून घेतलेल्या तांब्यापासून मुतखड्यापर्यंत, आणि दर वर्षीच्या निरंकपर्यंत. मध्ये रडले, त्याची लाज वाटली, पुन्हा बोलले. त्यांनी शाबासकी दिली नाही की कीवही केली नाही. सगळं मला वाचून दाखवलं, एक वाक्य मी दुरुस्त करून घेतलं, सही केली.

महिनाअखेरच्या आत आयोगाचं पत्र आलं. मुलीची निवड रद्द करू नये, आधी सुविधा द्यावी आणि काय केलं ते कळवावं. ऑफिसने मोकळ्या केलेल्या स्वच्छतागृहाचा फोटो पाठवला. त्यावर बाईंचा फोन साहेबांना नाही, मला आला. "फोटोत दार उघडं दिसतंय म्हणतात. दुपारी चार वाजताही ते उघडं असतं का?" नसायचं. मी तसं सांगितलं. मग कुलूपच काढून घेतलं गेलं. पुढचा फोन मुलीला गेला, तिथे जाऊन बघ, खुर्ची आत वळते का? वळत नव्हती. दार बाहेर उघडेल असं बदलून झालं, तेव्हाच ते प्रकरण बंद झालं. एवढ्या मोठ्या देशात धुळ्यातल्या एका दाराच्या बिजागरीची चौकशी करणारं माणूस दिल्लीत बसलंय, ह्याचं मला आजही नवल वाटतं आणि त्या बाईंविषयी मनापासून आदर वाटतो.

मुलगी हजर झाली. तिचं टेबल माझ्या शेजारीच. पहिल्या आठवड्यात डबा खाताना ती एकदम म्हणाली, "ताई, एक सांगू? रागावू नका. माझ्या तक्रारीत तुमच्यावर पण दोन ओळी होत्या."

"काय होतं?"

"की ह्या बाई एक तर खोट्या सर्टिफिकेटवर लागल्या असतील, नाहीतर खोटं बोलत असतील. त्यांची चौकशी व्हावी."

माझा घास तोंडातच राहिला. म्हणजे त्या दिवशी तो कागद बाईंच्या पिशवीत होता. साहेबांसमोर, ह्या पोरीसमोर तो वाचून दाखवला असता तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. त्यांनी वाचला नाही. पाण्याचं विचारलं आणि मी आपणहून बोलेपर्यंत थांबल्या.

"मला माहीत नव्हतं हो," मुलगी सांगत होती. "तेवढं मी खोडायला पाहिजे होतं."

"नको," मी म्हटलं. "त्यातलं दुसरं खरंच होतं."