उजव्या कानातला पंचम

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कागद टेबलावर माझ्याकडे फिरवला. ऑडिओग्रॅम, म्हणजे ऐकण्याचा आलेख. मी तो आधी शिक्षिकेसारखा वाचला. आडव्या रेषेवर कंप्रता, उभ्या रेषेवर आवाजाची पातळी. डाव्या कानाची रेघ वरून सरळ गेलेली, उजव्याची मधेच खाली कोसळलेली. आलेख फार स्वच्छ काढलाय, असं मनात आलं. तो माझ्याच कानाचा आहे हे मग लक्षात आलं आणि रडू फुटलं.

डॉक्टर म्हणाले, याला सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस म्हणतात. आतल्या कानाने किंवा त्याच्या नसेने अचानक काम सोडणं. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, इतके दिवस कुठे होतात?"

मी पेटी दुरुस्त करत होते. हे त्यांना सांगायची लाज वाटली, पण तुम्हाला सांगते.

मी मेहकरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवते, गाते. शाळेत मला गाणाऱ्या मॅडम म्हणतात, मंडळात सायन्सवाल्या मॅडम. दोन्हीकडे मी दुसरीकडची. कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला बसले की रियाज बुडाल्याची चुटपुट लागायची, रियाजाला बसले की जर्नल अपुरं असल्याची. एकाची निवड करून मोकळं व्हावं असं पुष्कळदा वाटलं. झालं नाही, आणि त्या ओढाताणीचा आता खरंच कंटाळा आलाय.

एका सकाळी उजव्या कानाला लावलेला फोन लांबून बोलतोय असं वाटलं. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. थोरल्या जाऊबाई, मंगलताई, यांनी लसूण घालून कढवलेलं कोमट तेल कानात घातलं. नववीला कानाची रचना शिकवणारी मी मान कलती करून निमूट बसले होते.

त्याच आठवड्यात भजनाला बसले तर पेटीचा पंचम फाटका लागायला लागला. चढलेला, खरखरीत. माझी खात्रीच पटली की रीड, म्हणजे त्या सुराची आतली पात, गेली. पेटीची किरकोळ कामं मंडळ माझ्याकडेच देतं, मॅडमला त्यातलं शास्त्र कळतं म्हणून. पितळी पात टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. रविवारी पेटी उघडली, सवयीने उजवा कान पातीजवळ नेला आणि ब्लेडने बुडाशी घासत बसले, कानाला पटेपर्यंत. ठरलेला एकच सूर देणारा शाळेचा नादकाटा आणून ताडून बघावं, असं एकदाही मनात आलं नाही. सुरासाठी माझा कान पुरेसा आहे, असा माझा तोरा होता.

पुढच्या भजनाला कुणालाच त्या पेटीवर गाता येईना. मंगलताई म्हणाल्या, "सुनंदा, पेटी तं चांगली होती. तू काऊन हात लावला तिले?" मला राग आला. ताईंचा सूर नेहमी उतरतो आणि दर वेळी मीच त्यांना टोकते. त्यांनी मला सुराचं सांगावं हे सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ध्वनीचा धडा होता. तयारी करताना नादकाटा रबरावर मारला आणि डाव्या कानाशी धरला. मग उजव्या. पुन्हा डाव्या. काटा एकच होता, सूर दोन येत होते. लोखंड काही माझ्या सोयीसाठी कंप्रता बदलणार नाही. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर तासाची घंटा होईपर्यंत बसून राहिले. याला डिप्लॅक्युसिस म्हणतात, एकच आवाज दोन कानांना वेगळ्या सुरात ऐकू येणं, हे नंतर कळलं.

त्यानंतर चिखलीवरून बुलढाण्याला एसटीच्या फेऱ्या. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडाली, भूक वाढली, साखर चढली. मग इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शन, म्हणजे पडदा बधिर करून त्यातून आत औषध सोडणं. टोचल्यावर कुशीवर पडून राहायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही. वेटिंग रूममध्ये मिस्टर नेमके माझ्या उजव्या बाजूला बसायचे आणि मी उत्तर देत नाही म्हणून गप्प व्हायचे.

नसेवर गाठ नाही ना हे पाहायला अकोल्याला एमआरआय केला. यंत्राची धडधड सुरू झाली तशी मी तिला ताल लावायला लागले, आणि आतल्या तारांच्या वेटोळ्यांत प्रवाह चालू-बंद होतोय हेही आठवत बसले. तिथेसुद्धा माझ्यातल्या दोघी, गाणारी आणि सायन्सवाली, भांडतच होत्या. गाठ निघाली नाही.

औषधं संपल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, पूर्वीसारखं होईल का? ते नीट बोलले. "ऐकू बरंच परत आलंय. सूर परत येईल असं मी सांगू शकत नाही." वर्गासाठी कानाला मशीन लावा, शब्द कळतील, पेटी वाजवताना काढून कानात बोळा घाला, म्हणाले. म्हणजे विज्ञानाला कान उघडा, गाण्याला बंद. मला हसू आलं.

बोळ्याने पेटीचं भागलं. गाण्याचं भागणार नव्हतं, आणि हे मला गाऊन बघण्याआधीच माहीत होतं. स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून आत जातो, त्याला बोळा अडवत नाही, उलट तो जास्तच घुमतो. कारण ठाऊक असल्याने दुःख कमी होतं असं म्हणतात. माझं झालं नाही.

तुमच्यापैकी कुणाचा कान असा अचानक दडला तर तेल घालू नका, सर्दी उतरायची वाट पाहू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. उशीर झाला की औषधाचा जोर कमी पडतो. माझं थोडं तरी परत आलं ते डॉक्टरांमुळे, आणि त्यांची मी ऋणी आहे.

मंडळात मी बरेच दिवस फक्त टाळ धरले. मग एका शनिवारी मंगलताईंनी पद सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्याला माझ्याकडे पाहून थांबल्या. मी मानेनेच नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मले इतके वर्षं टोकलं तू. आता माही पाळी. पद गाय."

मी सुरुवात केली. आत दोन आवाज झाले आणि मी अडखळले. ताईंनी तळहात थोडा वर केला, मी चढवलं. तळहात थोडा खाली आला, मी उतरवलं. मग तो जागच्या जागी थांबला. पंचम लागला होता का, मला आजही सांगता येणार नाही. ताईंचा हात हलला नाही, म्हणून मी तिथेच थांबले आणि गात राहिले.